मामूंची वही

(मधमाश्या पाळणे हा शेतीला जोड देणारा उद्योग आहे. तो नुसता पाहून येत नाही, शिकावा लागतो. एका शेतकऱ्याने तो कसा शिकून घेतला आणि त्याच्याबरोबर त्याच्या भाचीलाही काय काय कळले, ते या पाठात सांगितले आहे.)

माझे मामू पाचगणीजवळच्या एका खेड्यात राहतात. त्यांची अर्धा एकर स्ट्रॉबेरी आहे. घरामागे जांभळाची आणि हिरड्याची झाडे आहेत. मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही दरवर्षी तिकडे जातो.

मी सहावीची परीक्षा दिली, त्या वर्षीची गोष्ट. मामूंनी परसात एक लाकडी पेटी ठेवली होती.

"यात काय आहे, मामू?" मी विचारले.

"माझे पाहुणे आहेत, बेटी. जवळ ये, पण हळू," मामू हसून म्हणाले.

पेटीच्या तळाशी एक फट होती. त्या फटीतून मधमाश्या आत-बाहेर करत होत्या. ओढ्याकाठच्या एका झाडाच्या ढोलीत मामूंना त्या सापडल्या होत्या. त्यांनी कोणाकडून तरी जुनी पेटी आणली आणि ढोलीतील पोळी कापून तिच्यात बसवली. माश्या पेटीत राहिल्या. मामूंना वाटले, मधमाश्या पाळणे सोपे आहे.

मे महिना संपता संपता मामूंनी पेटी उघडली. मधाने भरलेली होती नव्हती ती सगळी पोळी त्यांनी काढून घेतली. चार किलो मध निघाला. नानीने शेजाऱ्यांकडे वाट्या भरून पाठवल्या. आम्ही चपातीबरोबर पोटभर मध खाल्ला.

मग पाऊस सुरू झाला. त्या भागात पाऊस धो धो पडतो. दिवसेंदिवस सूर्य दिसत नाही. जुलैमध्ये मामूंचा फोन आला. त्यांचा आवाज उतरलेला होता.

"पाहुणे निघून गेले," ते म्हणाले.

पेटी रिकामी झाली होती. उरल्यासुरल्या पोळ्यांवर किड्यांनी पांढरी जाळी केली होती. तळाशी मुंग्या फिरत होत्या. "मी त्यांना चांगले घर दिले होते. मग त्या का गेल्या?" मामू अम्मीला पुन्हा पुन्हा हेच विचारत होते. अम्मीजवळ उत्तर नव्हते.

* * *

महाबळेश्वरला महाराष्ट्र राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाचे मध संचालनालय आहे. तेथे मधपाळांना प्रशिक्षण दिले जाते. पाऊस संपल्यावर मामूंनी नवशिक्यांच्या दहा दिवसांच्या वर्गात जायचे ठरवले. पण जाण्याआधी ते एका गोष्टीने बेचैन होते. त्यांचे शिक्षण उर्दू शाळेत चौथीपर्यंत झाले होते.

"बाजारात लागते तेवढी मराठी मला येते," ते अब्बांना म्हणाले, "पण शिकवणारे बोलत जातील, बाकीचे लिहून घेतील. मी काय करू?"

अब्बा म्हणाले, "तुम्हीही लिहा. ज्या अक्षरांत लिहिता येईल त्या अक्षरांत लिहा. आधी कान उघडे ठेवा. अक्षरांचे नंतर पाहू."

दहा दिवसांनी वर्ग संपला. मामू घरी जाण्याआधी आमच्याकडे वाईला आले. त्यांच्या पिशवीत शंभर पानांची एक वही होती. मी ती उघडली. अक्षरे उर्दू होती, उजवीकडून डावीकडे लिहिलेली. पण शब्द मराठी होते! राणीमाशी, कामकरी, सातेरी, धुराडे, चौकट. मध्ये मध्ये पेन्सिलीने चित्रे काढली होती.

"हे मला नीट मराठीत लिहून दे, बेटी," मामू म्हणाले. "पुढच्या वेळी मी वाचून दाखवीन."

मी रोज दोन पाने लिहू लागले. लिहिता लिहिता मीही मामूंच्या वर्गात बसले, असे म्हणायला हरकत नाही.

* * *

वहीच्या पहिल्या पानावर मधमाश्यांचे प्रकार होते. आग्या माशी मोठी आणि रागीट असते. ती उंच झाडाला किंवा कड्याला एकच मोठे पोळे बांधते. फुलोरी माशी लहान असते. ती झुडपात तळहाताएवढे एक पोळे करते. या दोन्ही माश्यांना उघडी हवा लागते, म्हणून त्या पेटीत राहत नाहीत. सातेरी माशी मात्र झाडाच्या ढोलीत, वारुळात, अशा अंधाऱ्या जागी राहते आणि एकाशेजारी एक अशी अनेक पोळी बांधते. पेटीतही अंधार असतो. म्हणून ती पेटीत राहू शकते. पेटीत पाळता येणारी दुसरी माशी परदेशातून आणलेली आहे. तिला मेलिफेरा म्हणतात. ती सातेरीपेक्षा जास्त मध देते. पण सह्याद्रीच्या जंगलात आणि पावसात सातेरीच मूळची रहिवासी आहे.

दुसऱ्या पानावर माश्यांचे कुटुंब होते. एका वसाहतीत हजारो माश्या असतात, पण राणी एकच असते. ती हंगामात रोज शेकडो अंडी घालते. कामकरी माश्याही मादीच असतात, पण घरची सगळी कामे त्या करतात. वयाप्रमाणे त्यांची कामे बदलतात. लहान वयात घरे साफ करणे आणि पिल्लांना भरवणे. मग मेण काढून पोळे बांधणे. मग दारावर पहारा देणे. आणि शेवटी बाहेर जाऊन मकरंद, पराग आणि पाणी आणणे. हंगामात कामकरी माशी सुमारे सहा आठवडेच जगते. तिच्या जन्मभराच्या कष्टातून चमचाभर मधही होत नाही. हे वाक्य लिहिताना मला त्या मे महिन्यातल्या वाट्या आठवल्या.

तिसऱ्या पानावर पेटीचे चित्र होते. पेटीला दोन कप्पे असतात. खालच्या मोठ्या कप्प्यात राणी अंडी घालते आणि पिल्ले वाढतात. वरच्या लहान कप्प्यात माश्या मध साठवतात. दोन्ही कप्प्यांत लाकडी चौकटी टांगलेल्या असतात आणि माश्या त्यांत पोळी बांधतात. चौकट उचलून पाहता येते आणि परत ठेवता येते. ही साधी वाटणारी गोष्ट शोधायला माणसाला फार काळ लागला. अमेरिकेतील लॅंगस्ट्रॉथ यांनी १८५१ मध्ये पाहिले, की दोन पोळ्यांच्या मध्ये माश्या येण्याजाण्यापुरती ठरावीक जागा मोकळी सोडतात. ती एक सेंटिमीटरपेक्षाही कमी असते. जागा त्याहून मोठी असली, तर माश्या तिथे पोळे बांधतात. लहान असली, तर ती चिकट पदार्थाने बुजवून टाकतात. तेवढीच जागा सोडून चौकटी टांगल्या, तर त्या चिकटत नाहीत. पुढे फादर न्यूटन यांनी दक्षिण भारतात आपल्या सातेरीला सोईची लहान पेटी तयार केली. १९११ ते १९१७ या काळात त्यांनी खेड्यांतील लोकांना मधमाश्या पाळायला शिकवले. त्यांची पेटी 'न्यूटन पेटी' म्हणून ओळखली जाते.

चौथ्या पानावर मामूंनी मोठ्या अक्षरांत लिहिले होते : 'घाई नको.' पेटी उघडण्याआधी धुराड्याने थोडा धूर द्यावा. धुरामुळे माश्यांना धोक्याचा वास कळत नाही. शिवाय आग लागली असे वाटून त्या पोटभर मध पिऊन घेतात आणि शांत होतात. डोक्यावर जाळी घालावी. फिक्या रंगाचे कपडे घालावेत. अत्तर लावून पेटीजवळ जाऊ नये. पेटीच्या दारासमोर उभे राहू नये, बाजूला उभे राहावे. माशी चावली तर तिचा काटा त्वचेत राहतो आणि ती माशी मरते. काटा चिमटीत धरू नये, नखाने खरवडून काढावा. नुसती सूज आली तर घाबरू नये. पण श्वास कोंडू लागला किंवा अंगभर गांधी उठल्या, तर त्या माणसाला तत्काळ दवाखान्यात न्यावे.

"तुम्हाला चावल्या का, मामू?" मी विचारले.

"पहिल्याच दिवशी दोन," मामू म्हणाले. "मी चौकट झटकन उचलली. सर म्हणाले, 'माशी रागावली नाही, तुम्ही तिला रागावायला लावले.'"

* * *

पाचव्या पानावर एकच प्रश्न होता आणि त्याखाली उत्तर होते. हा प्रश्न मामूंनी वर्गात उभे राहून विचारला होता. मराठीत नीट बोलता येईल की नाही, अशी भीती वाटत होती. तरी विचारला होता : 'माझ्या माश्या पेटी सोडून का गेल्या?'

सरांनी त्यांनाच उलट प्रश्न विचारले. मध कधी काढला? मेमध्ये. किती काढला? सगळा. पावसाळ्यात माश्यांनी काय खाल्ले? मामू गप्प झाले.

मध हे माश्यांनी पावसाळ्यासाठी साठवलेले अन्न असते. मुसळधार पावसात माश्यांना बाहेर पडता येत नाही आणि फुलांत मकरंदही नसतो. मामूंनी त्यांचे कोठार रिकामे केले होते. भुकेने वसाहत दुबळी झाली. दुबळ्या वसाहतीला पोळी राखता येत नाहीत. मग मेणकिडे आणि मुंग्या आत शिरल्या. सातेरी माशी अशा वेळी घर सोडून जाते.

त्या पानावर शेवटी मामूंनी लिहिले होते, 'त्या पळून गेल्या नाहीत. मी त्यांना घालवले.' हे वाक्य मी मराठीत उतरवले तेव्हा मामू माझ्या शेजारी बसले होते. ते काही बोलले नाहीत. त्यांनी फक्त मान हलवली.

उपाय सोपे होते. खालच्या कप्प्यातील मधाला हात लावायचा नाही. वरच्या कप्प्यातील मधही पोळ्यावर मेणाचे झाकण आल्यावरच घ्यायचा. झाकण आलेला मध पिकलेला असतो, कच्चा मध आंबतो. पोळे पिळायचे नाही. चौकट यंत्रात ठेवून फिरवायची, म्हणजे मध बाहेर पडतो आणि पोळे शाबूत राहते. तेच पोळे माश्या पुन्हा भरतात. पावसाळ्यात साखरेचा पाक करून, थंड करून पेटीत ठेवायचा. पेटीच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवायच्या, म्हणजे मुंग्या चढत नाहीत. आठ-दहा दिवसांनी पेटी साफ करायची.

* * *

मामूंनी नवीन वसाहत आणली. या वेळी पेटीच्या चारी पायांखाली पाण्याच्या वाट्या होत्या. पावसाळ्यात मामू छत्री धरून पाकाची वाटी ठेवायला जात. नानी म्हणायची, "याने मुलांचेसुद्धा इतके लाड केले नाहीत!" त्या वर्षी पेटी रिकामी झाली नाही.

पण हिवाळ्यात दुसरे संकट आले. एके दिवशी सकाळी पेटीसमोर मेलेल्या माश्यांचा सडा पडला होता. शेजारच्या काकांनी स्ट्रॉबेरीवर कीटकनाशक फवारले होते. तेही भर सकाळी, फुले उमललेली असताना.

मामूंना राग आला. ते कुंपणापर्यंत गेले आणि परत आले. मग त्यांनी एक युक्ती केली. आपल्या शेतातील काही कळ्यांवर त्यांनी पातळ कापडाच्या पिशव्या बांधल्या. त्या फुलांवर माश्या बसू शकल्या नाहीत. फळे तयार झाली तेव्हा मामूंनी दोन वाट्या भरल्या आणि काकांकडे नेल्या. एका वाटीत मोठी, गोल, लालभडक फळे होती. दुसऱ्या वाटीतील बरीच फळे लहान आणि वाकडीतिकडी होती.

"एकाच वाफ्यातली आहेत," मामू म्हणाले. "स्ट्रॉबेरीच्या अंगावर बारीक बिया दिसतात ना? त्यांतल्या प्रत्येकीला पराग पोचावा लागतो. जिथे पराग पोचत नाही, तिथे फळ फुगत नाही. हे काम माशी करते. ती तुमच्या शेतातही येते. मी तिची मजुरी मागत नाही. फक्त फवारायचे असेल तेव्हा सूर्य मावळल्यावर फवारा आणि मला आदल्या दिवशी सांगा. मी पेटीची काळजी घेईन."

काकांनी दोन्ही फळे हातात घेऊन पाहिली. "हे मला कोणी सांगितलेच नव्हते," ते म्हणाले. तेव्हापासून काका फवारणीच्या आदल्या दिवशी हाक मारतात.

* * *

दोन वर्षांनी मामूंच्या चार पेट्या झाल्या. मग ते पुण्याला अनुभवी मधपाळांच्या वर्गाला गेले. पुण्यात १९६२ मध्ये स्थापन झालेली केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे. जाताना मामू मला म्हणाले, "आता नवीन काय शिकायचे राहिले, कोण जाणे!"

त्या वर्गात एक वृद्ध मधपाळ पहिल्या बाकावर बसत. सगळे त्यांना आबा म्हणत. आबा तीस वर्षे मधमाश्या पाळत होते. मामूंनी त्यांना विचारले, "आबा, तुम्हाला वर्गाची काय गरज?"

आबा म्हणाले, "मी तीस वर्षे एकच वर्ष तीस वेळा केले. माश्या घर सोडून निघाल्या, की मी नशिबाला बोल लावायचो. आता कारण विचारायला आलो आहे."

या वर्गात मामू वसाहतीची वाटणी करायला शिकले. वसंतात माश्या वाढतात आणि पेटीत दाटी होते. मग कामकरी माश्या नवी राणी तयार करू लागतात. साध्या कामकरीच्या अंड्यातूनच राणी होते. फरक असतो तो खाण्याचा आणि घराचा. त्या अळीला मोठे, लोंबते घर मिळते आणि सतत खास अन्न मिळते. सुमारे सोळा दिवसांत राणी बाहेर येते. त्याआधीच जुनी राणी अर्ध्या माश्या घेऊन उडून जाते. मधपाळाला राणीचे घर वेळीच दिसले, तर तो काही चौकटी दुसऱ्या पेटीत ठेवून एका वसाहतीच्या दोन वसाहती करतो. म्हणजे नुकसान होणार होते, तिथे लाभ होतो.

माश्यांच्या रोगांविषयीही तेथे सांगितले. १९९१-९२ च्या सुमारास दक्षिण भारतात सातेरीच्या पिल्लांना विषाणूचा रोग झाला. असंख्य पेट्या ओस पडल्या. रोगी पेटीची चौकट निरोगी पेटीत ठेवली, तर रोग पसरतो. म्हणून अनुभवी माणसानेही पिल्लांकडे रोज नव्या नजरेने पाहिले पाहिजे.

मामूंना सर्वांत आवडला तो माश्यांचा नाच. मकरंद सापडलेली माशी घरी येऊन पोळ्यावर नाचते. ती अंग हलवत सरळ चालते, मग वळसा घेऊन परत येते. ती किती वेळ सरळ चालते, त्यावरून अंतर कळते. ती कोणत्या कोनात चालते, त्यावरून सूर्याच्या कोणत्या बाजूला जायचे ते कळते. कार्ल फॉन फ्रिश या शास्त्रज्ञाने ही भाषा उलगडली. त्यांना १९७३ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

"बघ," मामू मला म्हणाले, "अंधारात, न बोलता त्या एकमेकींना पत्ता सांगतात. मला तर मराठीत पत्ता विचारायचीही लाज वाटायची!"

सरांनी आणखी एक गोष्ट सांगितली. जगात मधमाशीपालनाचे वर्ग कोणी सुरू केले? आज ज्याला स्लोव्हेनिया म्हणतात, त्या देशातील अँटोन यान्शा हा एक शेतकऱ्याचा मुलगा. तो चित्रकला शिकायला व्हिएन्नाला गेला. पण माश्यांचे त्याचे ज्ञान पाहून १७७० च्या सुमारास त्याला तेथे मधमाशीपालनाचा शिक्षक नेमले. त्याच्या स्मरणार्थ २० मे हा दिवस २०१८ पासून 'जागतिक मधमाशी दिन' म्हणून पाळला जातो. आपल्याकडे महाबळेश्वर तालुक्यातील मांघर हे गाव २०२२ मध्ये 'मधाचे गाव' म्हणून घोषित झाले.

* * *

आता मी दहावीत आहे. मामूंकडे नऊ पेट्या आहेत. गावातील दोन मुले आणि एक काकू त्यांच्याकडे शिकायला येतात. मामू त्यांना पहिल्याच दिवशी मध दाखवत नाहीत. ते रिकामी पेटी दाखवतात. "ही माझी पहिली शाळा," असे सांगतात.

गेल्या ऑक्टोबरमध्ये मी ती वही पुन्हा पाहिली. माझ्या अक्षरांतली पाने संपली होती. त्यापुढे एक पान मामूंनी स्वतः लिहिले होते, डावीकडून उजवीकडे, मराठी अक्षरांत. काही ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ चुकले होते. एका शब्दावरची रेघ द्यायची राहिली होती. मी काहीच दुरुस्त केले नाही. तिथे लिहिले होते :

'पाऊस संपला. सगळ्या पेट्या पाहिल्या. पाहुणे घरीच आहेत.'

शब्दार्थ

मध – शहद
पोळे – मधमाशीचे घर, छत्ता
मेण – मोम
मधपाळ – मधमाश्या पाळणारा
ढोली – झाडाच्या खोडातील पोकळ जागा
वसाहत – बस्ती
मकरंद – फुलातील गोड रस
पराग – फुलातील बारीक भुकटी
कोठार – धान्य साठवण्याची जागा
परस – घरामागची मोकळी जागा
शाबूत – न मोडलेले, साबुत
गांधी – अंगावर उठणारे खाजरे चट्टे
मजुरी – कामाचे पैसे

वाक्प्रचार

आवाज उतरणे – दुःखाने आवाज बारीक होणे.
बोल लावणे – दोष देणे.
सडा पडणे – सगळीकडे पसरलेले असणे.
ओस पडणे – रिकामे होणे.
लाज वाटणे – शरम वाटणे.

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(१) मामूंना पहिल्या मधमाश्या कोठे सापडल्या?
(२) मामूंच्या वहीतील अक्षरे कोणती होती आणि शब्द कोणत्या भाषेतील होते?
(३) आग्या माशी पेटीत का राहत नाही?
(४) माशीचा काटा कसा काढावा?
(५) जागतिक मधमाशी दिन केव्हा असतो?

प्र. २. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(१) कामकरी माशीची कामे वयाप्रमाणे कशी बदलतात?
(२) मामूंच्या पहिल्या माश्या पेटी सोडून का गेल्या?
(३) मामूंनी शेजारच्या काकांना फवारणीविषयी कसे समजावले?
(४) मधमाशी इतर माश्यांना फुलांचा पत्ता कसा सांगते?

प्र. ३. कंसातील योग्य शब्द निवडून रिकाम्या जागा भरा.
(राणी, सातेरी, धूर, पाक, झाकण)
(१) ______ माशी एकाशेजारी एक अशी अनेक पोळी बांधते.
(२) एका वसाहतीत ______ एकच असते.
(३) पेटी उघडण्याआधी थोडा ______ द्यावा.
(४) पोळ्यावर मेणाचे ______ आल्यावर मध काढावा.
(५) पावसाळ्यात माश्यांना साखरेचा ______ द्यावा.

प्र. ४. कोण, कोणास म्हणाले?
(१) "आधी कान उघडे ठेवा. अक्षरांचे नंतर पाहू."
(२) "माशी रागावली नाही, तुम्ही तिला रागावायला लावले."
(३) "हे मला कोणी सांगितलेच नव्हते."
(४) "आता कारण विचारायला आलो आहे."

प्र. ५. विचार करून लिहा.
(१) आबा म्हणाले, "मी तीस वर्षे एकच वर्ष तीस वेळा केले." या बोलण्याचा अर्थ तुमच्या शब्दांत लिहा.
(२) मामूंनी लिहिलेल्या पानातील चुका भाचीने का दुरुस्त केल्या नसतील? तुम्ही काय केले असते?

भाषाभ्यास

(अ) उर्दूत दोन लिंगे आहेत, मराठीत तीन आहेत. तो मध (पुल्लिंग), ती माशी (स्त्रीलिंग), ते पोळे (नपुंसकलिंग). खालील शब्दांपूर्वी तो, ती किंवा ते लिहा.
पेटी, फूल, धूर, मेण, चौकट, पाऊस, वही, अंडे.

(आ) अनेकवचन लिहा.
नमुना : माशी – माश्या, पोळे – पोळी
पेटी, वाटी, अंडे, फुले या शब्दाचे एकवचन, झाड, मुंगी.

(इ) 'पोळी' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. प्रत्येक अर्थाने एक एक वाक्य लिहा.

(ई) मराठीतील 'मेण' आणि उर्दूतील 'मोम' यांचा अर्थ एकच आहे. 'बाजार', 'पेन्सिल', 'मजुरी' यांसारखे दोन्ही भाषांत आढळणारे दहा शब्द शोधा व लिहा.

उपक्रम

(१) तुमच्या परिसरात कोणत्या महिन्यात कोणती झाडे फुलतात, याचा तक्ता तयार करा. कोणत्या फुलांवर मधमाश्या येतात, ते दुरून पाहा व नोंदवा. पोळ्याजवळ जाऊ नका.
(२) भोपळा किंवा कारले यांच्या वेलावर दोन मादी कळ्या निवडा. एकीवर पातळ कापडाची पिशवी बांधा, दुसरी मोकळी ठेवा. पंधरा दिवसांनी काय दिसते, ते वहीत मराठीत लिहा.